न मरणारं रोप

तुम्हा दोघींसाठी मी हे एकत्रच लिहिते आहे. धाकटीला यातलं काही माहीत नाही. थोरलीला अर्धं माहीत आहे, कारण तो अर्धा भाग तिच्याच प्रयोगशाळेतून आला. उरलेला मी माझ्या भावाच्या घरी जाऊन ऐकून आले, आणि तो तिला फक्त फोनवर, थोडक्यात सांगितला आहे. शाळेत इंग्रजी शिकवताना मी मुलींना सांगायचे, आधी काय घडलं ते लिहा, मग तुम्हाला काय वाटलं ते. तोच क्रम इथे ठेवायचा प्रयत्न करते. शेवटपर्यंत जमेलच असं नाही.

माझं माहेर खालापूरकडचं, डोंगराच्या पायथ्याचं. भाताची जमीन, दोन म्हशी आणि विहिरीवर मांडव घालून चढवलेली एक द्राक्षवेल. आपल्या भागात द्राक्षं होत नाहीत. पाऊस इतका की पानांवर बुरशी धरते, कोवळे शेंडे काळे पडतात. त्यामुळे येणाराजाणारा मांडवाकडे बघून विचारायचा, "कारलं लावलंय का?" माझे वडील गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, "हो, कारलंच. खाऊन बघा," आणि घोस पुढे करायचे. काळी, बारीक, जाड सालीची द्राक्षं. आत टपोऱ्या बिया. पहिला घास आंबट, त्यामुळे पाहुण्याचं तोंड वाकडं व्हायचं आणि वडील खूश व्हायचे. मग गिळल्यावर मागून थोडी गोडी यायची. ती यायच्या आत बहुतेक लोक थुंकून मोकळे झालेले असायचे.

ही वेल माझ्या आजोबांनी माथेरानहून आणली होती. ते तिथे एका साहेबाच्या बंगल्यावर माळी होते. साहेब कायमचा विलायतेला निघाला तेव्हा सामानाचा लिलाव झाला. आजोबांना लिलावात काही घ्यायचं नव्हतं. त्यांनी स्वयंपाकघराच्या मागच्या वेलीची एक काडी कापली, ओल्या गोणपाटात गुंडाळली आणि डोंगर उतरून घरी आले. ती त्यांनी विहिरीच्या काठी लावली.

पुढे वडिलांनी तिची सेवा केली. उन्हाळ्यात एक छाटणी, दसऱ्याच्या सुमाराला दुसरी. फडक्याच्या पुरचुंडीत गंधकाची पूड घेऊन ती ते पानांवर झटकत, तेव्हा सगळ्या अंगणात फटाक्यांसारखा वास सुटायचा. मिरगाच्या आत घोस उतरलेच पाहिजेत, हा त्यांचा नेम. गावात बऱ्याच जणांनी त्यांच्याकडे काडी मागितली, पण त्यांनी कुणालाच दिली नाही. "लावाल आणि पहिल्या पावसात माराल," असं तोंडावर सांगायचे. थोडक्यात, ती वेल जगात एकाच ठिकाणी होती, आमच्या विहिरीवर.

तुमच्या आईच्या जन्माच्या वेळी, रीतीप्रमाणे, मी बाळंतपणाला माहेरी होते. माझ्या आईने जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळून बाळासाठी एक चेंडू शिवला. मधोमध बामची रिकामी डबी ठेवली आणि त्या डबीत आपल्या द्राक्षांच्या धुऊन वाळवलेल्या बिया भरल्या. हलवला की तो मऊ, बसका आवाज करायचा. तुमच्या आईने तो चेंडू लग्नानंतर परदेशी नेला. तुम्ही दोघींनीही तो चावला आहे.

आता वाटणीचं सांगते. वडील गेले, मग आई गेली. तेव्हा आमच्या भागात शनिवार-रविवारच्या बंगल्यांसाठी जमिनी घ्यायला माणसं यायला लागली होती. विहिरीकडच्या तुकड्यालाही गिऱ्हाईक आलं. आम्ही दोघंच भावंडं, मी आणि माझा धाकटा भाऊ. विकायचं तर माझी सही लागणार. आमच्याकडे बहिणीने सही करून हक्क सोडायचा, हे इतकं गृहीत असतं की कुणी विचारतही नाही. कुठल्या दिवशी वेळ आहे एवढंच विचारतात. न सोडणाऱ्या बहिणीला लोक लग्नाकार्यात पाणीही जपून देतात. आणि तिच्या नवऱ्याला तर नावच पडतं, सासऱ्याच्या जमिनीवर डोळा ठेवणारा.

मला जमीन नको होती. आमचं कडावचं घर होतं, दोघांच्या नोकऱ्या झालेल्या होत्या. पण मला एक गोष्ट हवी होती आणि ती मी भावाला माझ्या पडवीत बसवून, तुमच्या आजोबांच्या समोर सांगितली.

"सही करते. पण वेल मला हवी. काड्या काढून मुळं फुटेपर्यंत सांभाळायच्या आणि इथे आणून द्यायच्या. त्याआधी तिला कुणी हात लावायचा नाही."

"एवढंच ना ताई? मला वाटलं, आता विहीर मागतेस."

"विहीर इथे आणता आली असती तर मागितली असती."

तो हसला. तुमचे आजोबाही हसले. भाऊ म्हणाला, "दसऱ्याच्या छाटणीला काड्या निघतीलच. तेच टायमाला रोपं करतो. तू जा बिनघोर लेकीकडं."

कारण मी निघाले होते. धाकटीचा जन्म जवळ आला होता आणि तुमच्या आईला माझी गरज होती. श्रावणात खालापूरला जाऊन मी सही केली. तिथून माहेरचं घर अगदी जवळ. मी म्हटलं, जाता जाता वेल बघून येते. भाऊ म्हणाला, "नको गं, पार चिखल झालाय, रिक्षा रुतल." तुमचे आजोबा म्हणाले, "तुझी चप्पल बघ, पाय मुरगळला तर विमानात कशी बसशील?" मी ऐकलं. आम्ही कर्जतला येऊन वडापाव खाल्ला आणि घरी आलो.

मी परत आले तेव्हा माहेरी विहिरीच्या बाजूला खडीचा रस्ता आणि चुन्याच्या रेघा होत्या. आणि कडावच्या अंगणात, कोपऱ्यातल्या सावलीत, काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत एक रोप उभं होतं. तुमच्या आजोबांनी ते मला हाताला धरून दाखवलं. भाऊ बाजूला उभा होता. मी त्या रोपासमोर खाली बसले आणि बराच वेळ उठले नाही. तुमचे आजोबा म्हणाले, "अगं, रडतेस काय, जगलीय ती."

जगली, यात खोटं काही नव्हतं. मी तिच्याइतकी जोमदार वेल पाहिली नाही. पहिल्याच पावसात ती कमरेएवढी झाली. दुसऱ्या वर्षी मांडव घातला. तुमच्या आजोबांनी स्वतः लोखंडी पाइप आणून, तार ओढून तो केला. बुरशी नाही, कीड नाही, शेंडा कधी काळा पडला नाही. वडिलांच्या वेलीला गंधकाशिवाय पाऊस सोसायचा नाही आणि हिला कशाचीच गरज पडेना. पानंही वेगळी वाटायची, जाडसर, खालून पांढुरकी लव असलेली. मी भावाला विचारलंही. तो म्हणाला, "माती बदलली की पान बदलतं." तुमचे आजोबा म्हणाले, "खालापूरची तांबडी माती, ही कडावची काळी. होणारच."

फक्त द्राक्षं येईनात. दरवर्षी मी वडिलांच्या पद्धतीने दोन छाटण्या करायचे. कधी बारीक फुलोरा दिसायचा आणि गळून जायचा. मी हाडांचं खत घातलं, गूळपाणी घातलं, नाशिककडच्या एका माजी विद्यार्थिनीला विचारून औषध फवारलं. भाऊ आला की म्हणायचा, "ताई, बाबांचा हात निराळा होता." मला ते लागायचं, कारण मलाही तसंच वाटायला लागलं होतं. मी पुस्तकं वाचलेली, वडील सही करण्यापुरतं शिकलेले, आणि वेल ओळखते कुणाचा हात. तुमचे आजोबा मात्र दर फाल्गुनात मांडवाखाली खुर्ची टाकून पेपर वाचताना वर बघायचे आणि म्हणायचे, "यंदा येतील बघ. यंदा फुलोरा बरा आहे." मी निराश झाले की ते चहा करून आणायचे. त्या चहात ते आलं जास्त घालायचे, माझ्या आवडीचं.

असं किती वर्षं चाललं ते तुम्हीच हिशोब करा. धाकटी आता कॉलेजात आहे. तुमचे आजोबा जाऊनही बराच काळ झाला. ते गेल्यावर मांडवाची तार मीच आवळते.

गेल्या थंडीत थोरली आली. ती काय काम करते हे धाकटीला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल, पण मला कळलं तसं लिहिते. जुन्या वस्त्यांच्या विहिरींत, उकिरड्यांत सापडलेल्या द्राक्षांच्या बिया ती तपासते. शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी थुंकलेली बी. तिच्यात उरलेला डीएनए तुकड्यातुकड्यांनी जमवून वाचायचा आणि आजच्या वेलींशी लावून बघायचा. मी तिला म्हटलं, "म्हणजे उष्टं तपासण्याची नोकरी." ती म्हणाली, "आजी, हेच मी माझ्या सरांना सांगणार आहे."

मग तिने मला एक गोष्ट सांगितली, ती ऐकून मी हातातली निवडायची मेथी बाजूला ठेवली. द्राक्षाची वेल बीपासून लावत नाहीत, काडीपासून लावतात. बीपासून लावली तर ती लेक होते, वेगळीच निघते. काडी लावली तर तीच वेल राहते, तेच शरीर, फक्त दुसऱ्या मातीत. त्यामुळे एखादी वेल माणसांच्या हातांतून चालत शतकानुशतकं जगू शकते. आणि बीच्या आतला गर लेकीचा असला तरी वरचं टणक टरफल आईवेलीचंच असतं. म्हणून जुन्या बीच्या टरफलातून तिची आई कोण ते कळतं.

"माझ्याकडे तर दोन्ही टोकं आहेत," थोरली म्हणाली. "आईच्या चेंडूतल्या बिया आणि ही तुझी वेल. दोन्ही एकच आहेत हे आपल्याला आधीच माहीत आहे. म्हणजे आमची पद्धत बरोबर चालते का, ते यावर तपासता येईल."

मला किती अभिमान वाटला म्हणून सांगू. ती पानं खुडून कागदी पाकिटांत भरत होती आणि मी शेजारी उभी राहून सांगत होते, हे घे, हे कोवळं आहे.

तिचा फोन आला तेव्हा मी वाल सोलत होते.

"आजी, बसली आहेस ना?"

"माझं वय झालं म्हणून विचारतेस की बातमी मोठी आहे म्हणून?"

"बातमी. पणजोबांची वेल कळली! ती वाइनची आहे, युरोपातली खूप जुनी जात. आमच्याकडे तिकडच्या एका बुजलेल्या विहिरीतल्या बिया आहेत, कितीतरी शतकांपूर्वीच्या. त्यांची आई आणि चेंडूतल्या बियांची आई एकच वेल आहे. तंतोतंत."

म्हणजे कुठल्या तरी जुन्या गावातली वेल हातोहात फिरत, जहाजात बसून, माथेरानच्या स्वयंपाकघरामागे आणि तिथून माझ्या आजोबांच्या काखेतल्या गोणपाटातून आमच्या विहिरीवर. मी म्हटलं, "आणि माझ्या वडिलांनी जन्मात घरात दारू येऊ दिली नाही." आम्ही दोघी इतक्या हसलो की माझ्या मांडीवरचे वाल सांडले.

मग ती गप्प झाली. मी वर्गात आयुष्य काढलं आहे. मूल पुढचं वाक्य बोलायला घाबरतं तेव्हाची शांतता मला ओळखता येते.

"बोल," मी म्हटलं.

"आजी, पानं मात्र जुळत नाहीत. मला वाटलं पाकिटं बदलली, म्हणून परत केलं. तुझ्या अंगणातली वेल ती नाहीच. ती खाण्याच्या द्राक्षाची जातसुद्धा नाही. ते खुंटाचं रोप आहे."

खुंट म्हणजे काय हे मला माहीत होतं, त्या नाशिकच्या मुलीमुळे. द्राक्षबागांत आधी एक रानटी, चिवट जातीचं रोप लावतात आणि मग त्यावर हव्या त्या द्राक्षाचं कलम बांधतात. नुसता खुंट वाढवत ठेवला तर पाला होतो, भरपूर होतो. खाण्यासारखं फळ त्याला धरत नाही.

थोरली म्हणत होती, "मामाआजोबांची काहीतरी चूक झाली असेल ना? दुसरंच रोप उचललं गेलं असेल." मी म्हटलं, असेल. वाल गोळा केले. दुसऱ्या दिवशी सकाळची कामं आटोपून, कुलूप लावून, मी भावाकडे गेले.

तो आता खोपोलीत फ्लॅटमध्ये राहतो. वहिनीने दार उघडलं. "अगबाई, वन्सं! फोन तरी करायचा." भाऊ गुडघ्याला पट्टा बांधून सोफ्यावर बसला होता, टीव्हीवर मॅच लागलेली. मी पाणी प्यायले आणि विचारलं.

"आपली वेल तू कधी तोडलीस?"

"कुठली वेल गं?"

"घरात किती होत्या?"

"ताई, काय जुनं काढतेस? जमीन गेली तवाच गेली. आणि तुला दिलीय की. मांडवभर झालीय ती."

"माझ्याकडे आहे तो खुंट आहे. बाबांची वेल नाही. तपासलं आहे."

"कोणी?"

"माझ्या नातीने."

"ती तिकडं बर्फात बसून सांगते, इथं काय हाय ते?"

"पानावरून कळतं."

"पानावरून!" त्याने वहिनीकडे बघून हसून मान हलवली. "मंग मलापण तपासून घे एकदा. तुझा भाऊ हाय का नाय ते."

"तीच शंका यायला लागली आहे," मी म्हटलं.

वहिनीने चहाचा कप टीपॉयवर ठेवला तो बशीत हिंदकळला. "सांगा की आता," ती त्याला म्हणाली. "कुणासाठी झाकताय? दाजी तर गेले."

मला ते वाक्य लगेच कळलं नाही. भावावरच्या रागात मी इतकी गुंतले होते की दाजी म्हणजे कोण, हे समजायलाच वेळ लागला. दाजी म्हणजे माझे यजमान. तुमचे आजोबा.

भावाने टीव्ही बंद केला. मग तो माझ्याकडे न बघता बोलला. गिऱ्हाइकाला पावसाच्या आधी आत गाडी जाईल असा रस्ता हवा होता. मे महिन्याच्या शेवटी जेसीबी आला आणि विहिरीची बाजू साफ केली. मांडवासकट.

"मे महिन्यात?" मी म्हटलं. "मी पडवीत बसून तुझ्याकडे वेल मागितली ती आषाढात. सही केली श्रावणात."

"हां."

"म्हणजे तू हसलास तेव्हा वेल नव्हतीच."

"मी सांगणार होतो तुला. आईशपथ. पर दाजी त्या दिवशी आले होते तिकडं, जेसीबी चालू होता तवा. त्यांनी बघितलं. मी म्हटलं, दाजी, आता ताई काय सही करायची नाय. तर म्हणाले, तिला काय बोलू नको. ती मागंल, तर हो म्हण. रोपाचं मी बघतो."

"रोप कुणी आणलं?"

"त्यांनीच. नोकरीत असताना नाशकाकडं जायचे ना ते, वाट म्हाईत होती. मला बरोबर घेऊन गेले. नर्सरीवाला एकेक दाखवायला लागला, हे गोड, हे लांब मण्याचं. दाजी म्हणाले, फळाचं नको. न मरणारं दाखवा."

"फळाचं नको?"

"फळ आलं तर ती वळखील, म्हणाले."

खोलीत पंखा चालू होता. वहिनी माझ्या शेजारी येऊन बसली. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मला वाटतं तिला माझं सांत्वनच करायचं होतं, कारण ती म्हणाली, "वन्सं, वेलीचा जीव लई चिवट हो. पाऊस पडल्यावर बुंध्याला फूट आली होती. हातभर. मी बघितली. मंग गणपतीच्या तोंडावर त्याच्यावर खडी पडली."

श्रावणात मी सही करायला गेले तेव्हा ती फूट तिथे होती. रिक्षाने गेले असते तर चहा थंड व्हायच्या आत पोचले असते. एक काडी, अगदी बोटाएवढी, पुरली असती. आणि एकाने चिखल दाखवला, दुसऱ्याने माझी चप्पल.

मी चहा घेतला नाही. वहिनी जिन्यापर्यंत आली. "भाऊबीजेला येऊ ना आमी?" ती म्हणाली. मी म्हटलं, यंदा नको. ती म्हणाली, "मंग पुढल्या?" मी जिना उतरायला लागले.

थोरलीला मी हे फोनवर थोडक्यात सांगितलं. तिचं तुमच्या आजोबांवर किती प्रेम, ते मला माहीत आहे. ती रडवेली होऊन म्हणाली, "आजी, पण त्यांनी तुला त्रास नको म्हणूनच केलं ना? तुझ्यासाठीच?"

भाऊही निघताना हेच म्हणाला होता, "तुझ्यासाठीच केलं दाजींनी." मी या वाक्याचा पुष्कळ विचार केला आहे आणि ते मला मान्य नाही. मला रडू येऊ नये म्हणून कुणी खोटं बोलत असेल, तर तो सही झाल्यावर बोलेल. हे सही व्हायच्या आधीचं आहे. वेल तोडलेली कळली असती तर मी सही केली नसती. निदान त्या श्रावणात नाही. मी तिथे जाऊन बसले असते, बुंध्याभोवती कुंपण घातलं असतं, लोकांना काय बोलायचं ते बोलू दिलं असतं. आणि लोक बोलले असते. तुमच्या आजोबांबद्दल बोलले असते, की बायकोला पुढे करून सासऱ्याची जमीन अडवतो. तालुक्यात त्यांच्या सरळपणाचं नाव होतं. त्यांच्या बारशापासून बाराव्यापर्यंत कुणी त्यांना वाकडं बोललं नाही. ते नाव त्यांनी राखलं. ते माझ्या वेलीच्या जिवावर राखलं, हे तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिते आहे.

भावाचा मला राग आहे, पण तो साधा आहे. त्याने जे केलं ते विकणारी माणसं करतात. तो समोर आहे. मी त्याला बोलू शकते, बोलणं बंद करू शकते. तुमच्या आजोबांचं तसं नाही. त्यांनी न फळणारं रोप निवडून आणलं आणि मग दर फाल्गुनात त्याच्याखाली बसून मला सांगितलं, यंदा येतील. माझाच हात वाईट, असं मी म्हणायचे, तेव्हा त्यांनी एकदाही म्हटलं नाही, की हात वाईट नाही. आलं घालून चहा करून आणला. त्या प्रत्येक चहाचं आता काय करायचं, ते मला कळत नाही. ते चांगले नव्हते असं मी म्हणत नाही. माझ्या आजारपणात त्यांनी माझे केस विंचरले आहेत. पण मी ज्याच्याशी बोलत होते त्या माणसाला सगळं माहीत होतं आणि मला नव्हतं, आणि तो मला वर बघायला सांगत होता.

तुम्ही तुमच्या आजोबांवर प्रेम करायचं थांबवा, असं माझं म्हणणं नाही. ते तुमचं तुम्ही ठरवा. पण थोरलीने मला विचारलं, मी आईला हे सांगू का, तर त्याचं उत्तर हो असं आहे. मला कुणाकडूनही काही झाकून ठेवायचं नाही. आता या घरात झाकलेलं पुरे झालं.

थोरली म्हणते, पणजोबांची वेल पूर्ण वाचून झाली आहे, ती आता हरवणार नाही. ती असं म्हणते तेव्हा मी हो म्हणते. माझ्या वडिलांना हे सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, घोस कधी उतरवायचे. ती असंही म्हणते की खुंट चांगलाच आहे, त्यावर एखादं गोड द्राक्ष कलम करता येईल, आजी, दोन-तीन वर्षांत फळ येईल. मी नको म्हटलं. यंदा मी उन्हाळी छाटणीच केली नाही. वेल मांडव सोडून पत्र्यावर गेली, पन्हाळीत शिरली, न्हाणीघराच्या खिडकीला झाकायला लागली.

परवा डोंगरातल्या वाडीवरून टाकळा, शेवळं अशा रानभाज्या विकायला येणारी बाई फाटकाशी उभी होती. तिने वर बघितलं.

"आजी, लई पाला झालाय गं. याला काय लागतं?"

"काही नाही."

"काही नाय? मंग एवढा मांडव?"

"हो."

तिने एक पान तोडून हातावर उलटं केलं, वास घेतला. "माझ्या शेळ्या खातील. दोन पेंड्या नेऊ?"

मी आतून कोयता आणून दिला. तिने खालच्या फांद्या सपासप तोडल्या, पदराच्या चिंधीने पेंड्या बांधल्या आणि डोक्यावर घेतल्या. मांडवाच्या त्या बाजूने ऊन थेट पायरीपर्यंत आलं. ती फाटकातून वळून म्हणाली, "उद्यापण येऊ का गं?"

मी म्हटलं, रोज ये.